काही निघाले नाही

मराठी घरांतून आजारपणाच्या बोलण्यात एक वाक्य वारंवार ऐकू येते : 'रिपोर्टात काही निघालं नाही.' ते बहुधा सुटकेच्या निःश्वासाबरोबर उच्चारले जाते, आणि ऐकणारा 'चला, बरं झालं' असे म्हणून दुसऱ्या विषयाकडे वळतो. ह्याच्या उलट 'काहीतरी निघालंय' हे वाक्य आवाज उतरवून, शक्यतो दुसऱ्या खोलीत जाऊन बोलले जाते. ह्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत ज्यांना राहावे लागते अशीही काही माणसे असतात. त्यांचे वय विशीपासून चाळिशीच्या आतले. छातीत दुखते हे खरे. कार्डिओग्रामच्या कागदावर काहीतरी नेहमीसारखे नाही हेही खरे. परंतु पुढच्या सगळ्या तपासण्या होऊनही दुखण्याचे नाव कोणी सांगू शकत नाही. त्यांच्याबाबतीत काही निघालेही आहे आणि काही निघालेलेही नाही. अशा तरुणांची रांग ज्याला पाहावयाची असेल त्याने बंगळूरच्या जयनगरात जावे.

जयनगर ही १९४८ साली आखली गेलेली वसाहत. क्रमांक दिलेले ब्लॉक, काटकोनात छेदणारे 'मेन' आणि 'क्रॉस' रस्ते, त्यांवर झुकलेली झाडे, आणि पहाटे फिरावयास निघालेले निवृत्त लोक असे तिचे रूप. तिच्या नवव्या ब्लॉकात रागीगुड्डा, म्हणजे नाचणीची टेकडी, आहे आणि टेकडीवर प्रसन्न आंजनेयाचे देऊळ आहे. तेथून थोड्याच अंतरावर, बन्नेरघट्टा रस्त्यावर, श्रीजयदेव हृद्रोग विज्ञान व संशोधन संस्था उभी आहे. व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात जन्मलेली ही सरकारी स्वायत्त संस्था पुढे येथे आली आणि दक्षिणेतील हृद्रोग्यांचे मोठे आश्रयस्थान ठरली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर 'रागीगुड्डा' आणि 'जयदेव हॉस्पिटल' ही लागोपाठची दोन स्थानके आहेत. आपल्या लोकचित्रांतला मारुती स्वतःची छाती फाडून आतला राम दाखवितो. पुढच्या स्थानकावर उतरणाऱ्या माणसालाही आपल्या छातीत काय आहे ते दाखवावयाचे असते. परंतु आत काय सापडेल ह्याची खात्री मात्र त्याला मारुतीसारखी नसते.

ह्या रांगेला दोनदा विलक्षण भरती आली. शुक्रवार, दि. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड चित्रपटसृष्टीतील लोकप्रिय नट पुनीत राजकुमार छातीत अस्वस्थ वाटू लागल्यानंतर काही तासांतच गेले. त्यांचे वय ४६ होते आणि व्यायामाने कमावलेले त्यांचे शरीर हा चाहत्यांच्या कौतुकाचा विषय होता. ज्याचे शरीर आदर्श मानावे तोच असा जातो हे पाहून अनेकांनी प्रथमच स्वतःच्या छातीकडे लक्ष दिले, आणि तपासणीसाठी जयदेव संस्थेत गर्दी लोटली. पुढे २०२५ च्या मे-जून महिन्यांत हासन जिल्ह्यातून तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्या, तेव्हा बंगळूर आणि म्हैसूर ह्या दोन्ही ठिकाणच्या जयदेव रुग्णालयांत तसेच घडले. ह्या मृत्यूंच्या चौकशीसाठी संस्थेचे संचालक डॉ. के. एस. रवींद्रनाथ ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. कोविडच्या लशीशी त्यांचा संबंध आढळत नाही, असा समितीचा निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये पुढे आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ साली हेच सांगितले होते. कुटुंबातील तशा मृत्यूचा इतिहास, कोविडसाठी रुग्णालयात राहावे लागणे, अतिमद्यपान आणि अंगाला न झेपणारे श्रम ह्यांच्याकडे त्या अभ्यासाने बोट दाखविले होते. निष्कर्ष वाचून काहींची भीती गेली. रांगेत उभे राहिलेल्यांच्या छातीतील दुखणे मात्र त्यामुळे थांबण्यासारखे नव्हते.

त्यांची भीती निराधार होती असे कोणी म्हणू नये. बंगळूरच्याच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. सलीम युसुफ ह्यांच्या नेतृत्वाखाली बावन्न देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' ह्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे मध्यवर्ती वय इतरत्र सुमारे ५९ वर्षे असताना दक्षिण आशियातील लोकांत ते ५३ आहे, असे पुढे त्याच सामग्रीतून दिसून आले. जयदेव संस्थेने तर २०१७ पासून चाळिशीच्या आतील हृद्रोग्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवली. तीत बहुसंख्य पुरुष आहेत आणि तंबाखू हे त्यांच्यातील सर्वांत ठळक कारण आहे. परंतु ज्यांच्या नावावर नेहमीचे कोणतेही कारण लिहिता येत नाही असे तरुणही तीत आहेत. तरुण आहे म्हणून त्याचे दुखणे हृदयाचे नसणारच, हा जुना समज ह्या नोंदवहीने मोडीत काढला.

आणि तरीही, रांगेतील बहुतेकांच्या रोहिण्या निर्मळ असतात हेही तितकेच खरे. त्यांच्यापैकी एकाचे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येते. बेळगाव किंवा सोलापूरकडून नोकरीसाठी आलेला, जयनगरात दोघांबरोबर भाड्याने राहणारा, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा तरुण. रात्री कामावरून परतताना जिन्यावर त्याच्या छातीत डावीकडे कळ येते. तो आईला फोन करतो. आई म्हणते, 'पित्त झालं असेल रे. जाग्रणं कमी कर, नि सकाळी उपाशीपोटी चहा घेऊ नकोस.' घरमालकीण बाई ऐकतात आणि 'ग्यास्ट्रिक' हा एकच शब्द उच्चारून जिऱ्याचे पाणी पाठवितात. बंगळुरी बोलीत गळ्यापासून बेंबीपर्यंतच्या सर्व तक्रारींना हा एक शब्द पुरतो. दोघींच्या निदानात माया आहे, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असते. आम्लाची जळजळ, बरगडीच्या कूर्चेची सूज, ताणलेला स्नायू, धास्तीने भरून येणारा श्वास ही तरुणांच्या छातीतील दुखण्याची नेहमीची कारणे आहेत. परंतु कळ तिसऱ्यांदा येते तेव्हा तो कार्डिओग्राम काढून घेतो, आणि कागदाच्या माथ्यावर यंत्राने आपणहून छापलेला 'अॅबनॉर्मल' हा शब्द वाचतो. त्या क्षणापासून त्याचे दुखणे बदलते. आधी ते येत असे आणि जात असे. आता तो त्याची वाट पाहू लागतो.

डॉक्टरांपुढे बसल्यावर त्याला पहिली अडचण येते ती भाषेची. घरी मराठी, रस्त्यावर तोडकीमोडकी कन्नड आणि दवाखान्यात इंग्रजी अशा तीन भाषांतून त्याला एका जागेचे वर्णन करावयाचे असते. मराठीत त्याच्यापाशी शब्दांची वाण नाही : कळ, चमक, ठणका, रग, जळजळ, धडधड, दडपण, भरून येणे, टोचणे. ह्यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या दुखण्याचा आहे, आणि वैद्याला नेमका तोच भेद हवा असतो. क्षणभर टोचून जाणारी चमक आणि चढावर दाटून येऊन थांबल्यावर ओसरणारे दडपण ह्यांच्यात निदानाचे सारे अंतर आहे. पण इंग्रजीत उतरताना ह्या सर्वांचे मिळून एकच 'चेस्ट पेन' होते. कन्नडमधील 'एदेनोवु'चीही तीच गत होते. मराठीतील 'छाती' आणि कन्नडमधील 'एदे' हे दोन्ही शब्द शरीराचा भाग सांगता सांगता धैर्यही सांगतात. त्यामुळे छातीत दुखते हे कबूल करताना तरुण पुरुषाला आपण आणखी काही कबूल करतो आहोत असे वाटले तर नवल नाही. शब्द अपुरे पडले की हात बोलतात. एका बोटाने नेमकी जागा दाखविणारा रोगी आणि मूठ आवळून छातीच्या मध्यावर ठेवणारा रोगी ह्यांच्याकडे अनुभवी डॉक्टर निरनिराळ्या नजरेने पाहतो. ती मूठ अधिक चिंतेची असते.

यंत्रे येण्यापूर्वी वैद्यकापाशी हे वर्णनच काय ते होते. चरकाने हृद्रोगाचे पाच प्रकार सांगितले. हृदय हे खाली तोंड केलेल्या कमळासारखे असून जागेपणी उमलते आणि झोपेत मिटते, असे सांगणाऱ्या सुश्रुताने 'हृच्छूल' हे नाव योजिले. पाश्चात्त्य वैद्यकात विल्यम हेबर्डन ह्याने छातीतील गुदमरविणाऱ्या वेदनेचे पहिले नेमके वर्णन १७६८ साली वाचले आणि १७७२ साली ते छापले गेले. ते सर्वस्वी रोग्यांच्या सांगण्यावर आधारलेले होते. कारण त्याला ठाऊक नव्हते. त्या लेखाचा गोषवारा नियतकालिकात वाचून एका बावन्न वर्षांच्या गृहस्थाने हेबर्डनला पत्र लिहिले. आपल्याला नेमके असेच होते असे सांगून, आपण अकस्मात मेलो तर शरीर उघडून कारण शोधावे अशी मुभा त्याने दिली आणि सहीच्या जागी 'अज्ञात' एवढेच लिहिले. तीन आठवड्यांच्या आत तो खरोखरच गेला. जॉन हंटर ह्या नामवंत शल्यविशारदाने शवविच्छेदन केले. तरुण एडवर्ड जेन्नरही तेथे होता. मृत्यूचे उघड कारण म्हणता येईल असे काही निघाले नाही.

काही निघाले नाही, कारण हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या उघडून पाहावयाचे कोणाला सुचलेच नव्हते. काही वर्षांनी दुसऱ्या एका रोग्याचे हृदय कापीत असता जेन्नरच्या चाकूला काहीतरी कठीण, खरखरीत लागले. जुन्या छताचा गिलावा पडला असावा असे वाटून त्याने वर पाहिले. मग त्याच्या ध्यानात आले की, रोहिणीच हाडासारखी झाली आहे. तोवर हंटरला स्वतःलाच तसे दुखू लागले होते, आणि ह्या गुरूला क्लेश होऊ नयेत म्हणून जेन्नरने हा तर्क प्रसिद्ध करण्याचे टाळले. हंटर १७९३ साली रुग्णालयाच्या बैठकीतील वादानंतर तेथेच कोसळला. त्याच्या रोहिण्या तशाच कठीण झालेल्या आढळल्या. 'अज्ञात' गृहस्थाच्या पत्रातील प्रत्येक शब्द खरा होता. तपासणाऱ्यांनी जेथे पाहिले तेथे उत्तर नव्हते, इतकेच.

विसाव्या शतकाने पाहण्याची नवी साधने दिली. डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन ह्याने हृदयातील विजेची स्पंदने कागदावर उमटविली, लाटांना पी, क्यू, आर, एस, टी अशी अक्षरे दिली आणि १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळविले. हृदयाला लिपी मिळाली. पण तिचे वाचन वाटते तितके सरळ नाही. तरुण, काटक पुरुषांच्या आलेखात एक रेघ पुष्कळदा जरा वर उचललेली असते. झटका आलेल्या रोग्यातही ती उचललेली असते. तरुण स्त्रियांत छातीच्या उजव्या बाजूकडील पट्ट्यांत टी लाट उलटी असू शकते, आणि तिच्यात दोष नसतो. आलेख तोच, वाचणाऱ्याला वय, लिंग, श्रम आणि दुखण्याची कथा ठाऊक नसेल तर अर्थ भलताच लागतो. संदर्भावाचून सुटी ओळ वाचणाऱ्या टीकाकाराची जी फसगत होते तीच येथे यंत्राची होते. ह्यालाही एक उलटी बाजू आहे. जी उचललेली रेघ दीर्घकाळ पूर्णतः निरुपद्रवी मानली गेली, तिचा एक विरळा प्रकार काही आकस्मिक मृत्यूंशी निगडित असल्याचे २००८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले. मान्य झालेले वाचनही पुन्हा तपासावे लागते.

धावत्या पट्ट्यावरील तपासणीचेही असेच आहे. १९६३ साली रॉबर्ट ब्रूस ह्याने घालून दिलेल्या पद्धतीने आजही जगभर माणसे ट्रेडमिलवर चालविली जातात. समजा, छातीत दुखते म्हणून आलेले एक हजार तरुण आहेत आणि त्यांच्यापैकी फक्त दहांच्या रोहिण्या खरोखर अरुंद झाल्या आहेत. ही तपासणी रोग्यांतील शंभरांपैकी सुमारे सत्तरांना ओळखते आणि निरोग्यांतील शंभरांपैकी सुमारे सत्त्याहत्तरांना निर्दोष ठरविते, असे मोठ्या आढाव्यांतून दिसते. म्हणजे दहांपैकी सात सापडतील आणि तीन निसटतील. पण उरलेल्या ९९० निरोगी तरुणांपैकी जवळजवळ २२८ जणांच्या कागदावरही दोष उमटेल. एकूण २३५ जण 'काहीतरी निघालंय' असे घरी कळवतील आणि त्यांच्यातील सातच खरे हृद्रोगी असतील. हीच तपासणी साठीतल्या, धूम्रपान करणाऱ्या हजार जणांवर केली तर हे प्रमाण पालटून जाते. तपासणीचा अर्थ तपासणीपूर्वीच्या शक्यतेवर अवलंबून असतो, हा विचार डायमंड आणि फॉरेस्टर ह्यांनी १९७९ साली हृद्रोगाच्या बाबतीत स्पष्टपणे मांडला. रात्री एकट्याने आपला कागद उलगडणाऱ्या तरुणाला मात्र हे गणित कोणी सांगितलेले नसते.

त्या २२८ जणांचे पुढे काय होते? कित्येक जण वरच्या तपासण्या करून मोकळे होतात. काही जण मात्र होत नाहीत. अमेरिकन यादवी युद्धातील सुमारे तीनशे सैनिकांचा अभ्यास जेकब दा कोस्टा ह्याने १८७१ साली प्रसिद्ध केला. धडधड, धाप आणि छातीतील कळ ह्यांनी त्या तरुणांना लढणे अशक्य झाले होते, आणि हृदयात दाखविण्याजोगा दोष बहुतेकांत नव्हता. पहिल्या महायुद्धात टॉमस लुइस ह्याच्यापुढे असेच हजारो सैनिक आले. 'सैनिकाचे हृदय', 'श्रमजन्य विकार', 'मज्जारक्ताभिसरणीय दौर्बल्य' अशी नावे बदलत गेली. हृद्रोगी असे एकदा सांगितले गेल्यामुळेच काही जण अधिक अपंग होतात, हेही तेव्हाच्या वैद्यांच्या ध्यानात येऊ लागले होते. आपल्याकडे त्याला निराळी किनार आहे. विम्याच्या अर्जात तो कागद जोडावा लागतो. बढतीच्या वेळी आठवतो. आणि स्थळे पाहण्याच्या दिवसांत तो कपाटाच्या तळाशी जातो. मुलीचा असेल तर अधिकच खोल जातो. पूर्णतः निरोगी हृदयाच्या माणसाला जिना चढताना थांबावयास लावण्याची शक्ती त्या एका छापील शब्दात असते.

परंतु ह्यावरून 'मनाचे खेळ आहेत' असे म्हणून रोग्याला वाटेला लावणे हीही तेवढीच मोठी चूक ठरेल. हार्वे केम्प ह्याने १९७३ साली काही रोग्यांच्या दुखण्याला 'सिंड्रोम एक्स' असे नाव दिले. त्यांच्या छातीत दुखे, श्रमाच्या तपासणीत दोष उमटे, पण अँजिओग्राफीत रोहिण्या स्वच्छ दिसत. 'एक्स' म्हणजे अज्ञात. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रलेखकाची सहीच जणू पुन्हा कागदावर आली. ह्या रोग्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी अनेकींना वर्षानुवर्षे काळजी करू नका एवढेच ऐकावयास मिळाले. पुढे सूक्ष्मतर साधनांनी कळले की, अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या केसांहून बारीक वाहिन्यांत दोष असू शकतो. मोठी रोहिणी क्षणभर आवळून पुन्हा सैल होऊ शकते. विषाणूच्या तापानंतर हृदयाचा स्नायू सुजू शकतो. ज्या चित्रात केवळ मोठ्या वाहिन्या दिसतात त्यात काही न निघणे म्हणजे आत काहीच नसणे नव्हे.

म्हणून चांगला हृद्रोगतज्ज्ञ कागदाआधी माणूस वाचतो. श्रमाच्या ऐन भरात भोवळ आली होती काय, घरात कोणी तरुणपणी अकस्मात गेले आहे काय, नुकताच ताप येऊन गेला काय, तंबाखू आहे काय, दुखणे चढावर वाढते की कूस बदलल्यावर, हे तो विचारतो. ह्यांपैकी काही होकारार्थी असेल तर तरुण वयाची सबब पुढे न करता तो शोध चालू ठेवतो; रक्तातील ट्रोपोनिन पाहतो, ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेतो, गरज पडल्यास त्याही पुढे जातो. काहीच नसेल तर थांबावयाचे कोठे हेही त्याला ठरवावे लागते, आणि हा निर्णय शोध घेण्याहून कठीण असतो. आधीच लांबलेल्या रांगेत प्रत्येकाच्या वाट्याला येणारी मिनिटे थोडी असतात. त्या मिनिटांतच हे सर्व बसवावे लागते. कर्नाटक सरकारने पुनीत राजकुमार ह्यांच्या नावाने सुरू केलेल्या हृदयज्योती योजनेत तालुक्याच्या रुग्णालयात काढलेला कार्डिओग्राम जयदेवसारख्या केंद्रातील तज्ज्ञांना दाखविला जातो आणि खऱ्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथल्या तेथे मोफत दिले जाते. जेथे खरोखर काही निघते तेथे ही तत्परता प्राण वाचविते. जेथे काही निघत नाही तेथे तत्परतेचा उपयोग नसतो. तेथे कोणीतरी थोडे अधिक बोलावे लागते.

असे बोलणे म्हणजे नुसता धीर देणे नव्हे. 'तुमचे दुखणे खरे आहे. आम्ही अमुक अमुक जागा पाहिल्या आणि त्या चांगल्या आहेत. अमुक एक गोष्ट ह्या साधनांनी दिसत नाही. अशी अशी लक्षणे आढळली तर त्याच दिवशी या. एरवी जिने चढा, तंबाखू सोडा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा भेटा' – एवढी चार-पाच वाक्ये. मराठीत 'काळीज' आणि 'काळजी' हे शब्द कानाला सख्खे वाटतात. ज्याला 'काळजी करू नका' असे नुसते सांगितले जाते त्याला त्यांतले एक वेगळे काढून ठेवणे जमत नाही. काय पाहिले आणि काय पाहिले नाही हे ज्याला समजते त्याला ते थोडे जमते.

मग तो तरुण संध्याकाळी घरी फोन करील. आई विचारील, 'काय म्हणाले डॉक्टर?' त्याच्यापाशी उत्तर तेच असेल, 'काही निघालं नाही.' ती 'चला, बरं झालं' म्हणेलच. त्यानंतर त्याने फोन ठेवू नये आणि तिनेही विषय बदलू नये. आज दुखले काय, असे तिने विचारावे.